समुद्रसपाटीवरचे चढ : मांडवा ते रत्नागिरी सायकलवरून

किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत सायकलने जाणार, असं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "मग काय, सपाटच की सगळं!" नकाशा पाहून तसं वाटणं साहजिक आहे. डाव्या हाताला सह्याद्री लांब, उजव्या हाताला समुद्र, मधून सुखाने जाणारी रस्त्याची रेघ. त्या रेघेत एक गोष्ट दिसत नाही. कोकणची किनारपट्टी म्हणजे जांभ्याचे सडे, म्हणजे जांभा दगडाची उंच पठारं, आणि ते चिरत समुद्राला मिळणाऱ्या खाड्या. सडा कुठे शंभर, कुठे दीडशे मीटर उंच, आणि खाडी शून्यावर. रस्ता सड्यावरून खाडीत उतरतो, पुलाने किंवा फेरीबोटीने पलीकडे जातो आणि लगेच पुढच्या सड्यावर चढायला लागतो. रत्नागिरीपर्यंत हेच.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. उतारावर ठेवलेला ठोकळा फळ्यावर इतक्या वेळा काढला आहे की डोळे मिटून काढीन. या वेळी ठोकळा मी होते. माझं वजन ५६ किलो, सायकल १४, मागच्या पिशव्या आणि पाणी मिळून १२, म्हणजे एकूण ८२. बरोबर नवरा, धिप्पाड आणि जुन्या माउंटन बाइकवर. तिसरा बहिणीचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, हलक्या रोड बाइकवर. निघण्याआधी त्याने आमच्या सायकली उचलून पाहिल्या आणि चेहऱ्यावर जी दया दाखवली ती आम्ही दोघांनी लक्षात ठेवली.

पहिला दिवस : मांडवा ते मुरूड

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरलो. बोटीवर सायकली न्यायला काही अडचण येत नाही. तासाभरात पलीकडे. अलिबाग, चौल, रेवदंडा हा पट्टा सपाट आणि सावलीचा आहे, दोन्ही बाजूंनी नारळी-पोफळी. ताशी २० किलोमीटरने मजेत चाललो होतो.

सपाटीवर सायकल चालवताना तुमचं भांडण मुख्यतः हवेशी असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो. वजनाची इथे फार किंमत मोजावी लागत नाही, टायरच्या घर्षणापुरती काय ती. म्हणूनच पहिल्या दिवशी सगळ्यांना आपलं सामान हलकं वाटतं. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव, कोर्लई करत पुढे आलो. कोर्लईत आजही पोर्तुगीज वळणाची वेगळी बोली बोलतात. ती ऐकायला म्हणून चहाला थांबलो, पण टपरीवाले आमच्याशी आपले मराठीतच बोलत राहिले.

काशीदच्या आसपास पहिले चढ लागले आणि हिशेब पालटला. चढावर हवा जवळजवळ नाहीशी होते. ताशी सहाच्या वेगाला ती कितीसा विरोध करणार? आता सगळं भांडण वजनाशी. १०० मीटर पुढे गेल्यावर रस्ता ५ मीटर वर गेला तर चढ ५ टक्के. माझं, सायकलचं आणि सामानाचं मिळून वजन साधारण ८०० न्यूटन (न्यूटन हे बलाचं माप, एका किलोला जवळपास दहा). त्याचे ५ टक्के म्हणजे ४० न्यूटन मागे खेचतात, वर टायरचे सहा-सात. हे बल गुणिले वेग म्हणजे लागणारी शक्ती, वॉटमध्ये. ताशी ८ ने चढायचं तर जेमतेम १०० वॉट लागतात. जिममधल्या सायकलवर मोजलं होतं, तासभर टिकेल असा माझा जोर ११५ वॉटच्या आसपास आहे. म्हणजे काशीदचे चढ हिशेबात बसत होते. घाम आला, पण बोलता येत होतं. चढावर पूर्ण वाक्य बोलता येतंय का, हे कुठल्याही यंत्रापेक्षा भरवशाचं माप आहे.

काशीदला शहाळं, नांदगावला वडा-उसळ. मुरूडला खाणावळीत सुरमईची तुकडी, तांदळाची भाकरी आणि तिखट कालवण. खाणावळीच्या मावशी भाच्याला वाढतच होत्या. "सायकल घेऊन आलायस ना, मग खा." तो म्हणाला, "उद्या चढायचंय हो." "म्हणूनच खा."

दुसरा दिवस : मुरूड ते श्रीवर्धन

मुरूडमधून आगरदांड्याला जाताना वाटेत उंचावरून जंजिरा दिसतो. सकाळी सातच्या उन्हात किल्ला पाण्यावर ठेवल्यासारखा दिसत होता. आगरदांडा-दिघी फेरी घेतली. दिघीला उतरलं की कोकण आपला खरा स्वभाव दाखवतं. बोटीतून गाड्या निघून गेल्या, आम्ही मागे राहिलो आणि समोर रस्ता सरळ वर.

सायकल कॉम्प्युटर चढ ११, १२, मध्येच १३ टक्के दाखवत होता. आता गणित पाहा. १२ टक्क्यांवर मला मागे खेचणारं बल होतं १०० न्यूटनच्या थोडं वर. भाचा म्हणाला, "मग हळू चालव, वॉट कमी लागतील." ५ टक्क्यांच्या चढावर हे खरं आहे. १२ टक्क्यांवर नाही, कारण हळू चालवण्याला खालून मर्यादा आहे. सामान लादलेली सायकल ताशी ४-५ किलोमीटरच्या खाली डुगडुगायला लागते, तोल सांभाळायला हँडल इकडेतिकडे करावं लागतं आणि आणखी खाली गेलात तर पाय टेकावा लागतो. ताशी ५ किलोमीटर हाच वेग धरला तरी १४० वॉटच्या वर लागतात. माझ्याकडे ११५. जास्तीचे पंचवीस-तीस वॉट पाय उधारीवर आणतात, आणि ती उधारी काही मिनिटांत चुकवावी लागते, व्याजासकट.

तीव्र चढाची खरी मेख इथे आहे. बेताच्या चढावर किती जोर लावायचा ते तुम्ही ठरवता. तीव्र चढावर ते रस्ता ठरवतो. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढून गेलेले लोक दिघीच्या दोन किलोमीटरला उतरून सायकल ढकलतात, त्यात नवल काहीच नाही. महाबळेश्वर उंच आहे, पण घाट बेताने चढतो आणि माणसाला आपली चाल धरू देतो.

मी उतरले आणि ढकलायला लागले. ढकलताना वेग ताशी साडेतीन, लागणारी शक्ती १०० वॉटच्या आत. चालताना तोल जाण्याचा प्रश्न नसल्याने वेगाची ती खालची मर्यादा नाहीशी होते. सायकलवाल्यांमध्ये ढकलण्याला उगीच कमीपणा मानतात. त्यांचा ठोकळा कधी घसरला नसावा.

वर सड्यावर पोचलो तेव्हा नवरा आंब्याच्या सावलीत बसून केळं खात होता. भाचा अजून खाली होता. त्याच्या गाडीची मजा पुढे सांगते.

दिवेआगरला दुपारी जेवलो. केळीच्या पानावर वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, मऊ भात, सोलकढी आणि दोन उकडीचे मोदक. सांगून ठेवलं तरच मोदक मिळतात, म्हणून सकाळीच फोन करा. जेवण झाल्यावर आरावी-शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धनला गेलो. हा पट्टा या वाटेवरचा सगळ्यात देखणा. रस्ता अगदी समुद्राच्या कडेने जातो, चढ किरकोळ, आणि संध्याकाळचा वारा पाठीशी होता. शेखाडीत कोळणी सुकट पसरत होत्या. एकीने विचारलं, "कुठनं आलाव?" ठाण्याहून म्हटल्यावर तिने आधी माझ्याकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. "गाडी नाय काय?" नवरा म्हणाला, "आहे, घरी आहे." तिला हे फारच विनोदी वाटलं. शेजारणीला हाक मारून तिने पुन्हा सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी, गिअरबद्दल. पुढचं सगळ्यात लहान चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र यांचे दाते मोजा. माझ्याकडे पुढे २६, मागे ३४. पायडलचा एक फेरा म्हणजे सायकल १.६ मीटर पुढे. मिनिटाला ५० फेरे मारले तरी वेग ताशी ५ च्या आत राहतो आणि १२ टक्के चढावर पायडलवर सरासरी १६ किलोचा दाब द्यावा लागतो. भाच्याच्या गाडीला पुढे ३४, मागे २८. एका फेऱ्यात अडीच मीटर. त्याचं एकूण वजन ९५ किलो. त्याच चढावर त्याला सरासरी २८ किलोचा दाब द्यावा लागत होता, आणि पायडल वर-खाली असताना दाब नीट बसत नसल्याने मधल्या क्षणी त्याच्या दुपटीच्या आसपास. वर मिनिटाला ४० फेरे तरी हवेत, म्हणजे २०० वॉट. जवान पोरगा आहे म्हणून दिघीचा अर्धा चढ गेला. उरलेल्या अर्ध्यात त्याच्या गुडघ्यांनी पहिला निषेध नोंदवला. सामानासह कोकणात जायचं तर मागचं मोठं चक्र पुढच्या लहानापेक्षा मोठं हवंच. बाकी सायकल कुठल्या कंपनीची, किती रुपयांची, हा घरगुती वादाचा विषय आहे.

तिसरा दिवस : श्रीवर्धन ते आंजर्ले

सगळ्यात लांब आणि सगळ्यात अवघड दिवस. सहाला निघालो तेव्हा अंधार होता. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव, ते अंधारातच मागे पडलं. हरिहरेश्वरला दर्शन, पोहे, वर भरपूर ओलं खोबरं. बागमांडल्याहून फेरीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. सावित्रीला वरून खाली यायला एकही वॉट लागलेला नाही, असं नवरा म्हणाला. मी दाद दिली नाही.

बाणकोट, मग वेळास. वेळास नाना फडणवीसांचं गाव, आता कासवांसाठी प्रसिद्ध. आम्ही गेलो ते दिवस पिल्लं बाहेर पडण्याचे नव्हते. वेळासहून केळशी आणि पुढे उटंबर, आडे, पाडले, आंजर्ले. इथे रस्ता एकामागून एक उड्या मारतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, उतारावर वेग मिळेल आणि त्या जोरावर पुढचा चढ निम्मा तरी होईल. मलाही हा प्रश्न परीक्षेत घालायला आवडतो. उतारावरून ताशी ४० किलोमीटरने खाली आलात. सेकंदाला ११ मीटर. वेगाचा वर्ग करा, दोन g ने भागा (g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, ९.८). उत्तर येतं सव्वासहा मीटर. वजन कितीही असो, उत्तर तेच. शंभर मीटर उतरून कमावलेल्या वेगावर तुम्ही पुढच्या शंभरातले सहा मीटर चढणार. उरलेले चौऱ्याण्णव मीटर हवेने आणि ब्रेकने आधीच खाल्लेले असतात. तेही पुलाआधी गतिरोधक नसेल, वळण नसेल आणि रस्त्यात म्हैस बसलेली नसेल तर. केळशीच्या अलीकडे तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी होत्या.

वेळेचाही असाच घोटाळा होतो. दोन किलोमीटर चढ ताशी ५ ने म्हणजे २४ मिनिटं. दोन किलोमीटर उतार ताशी ३० ने म्हणजे ४ मिनिटं. चार किलोमीटरला २८ मिनिटं, सरासरी ताशी साडेआठ. उतारावर जिवावर उदार होऊन ४० ने आलात तर वाचणार एक मिनिट. त्यामुळे या रस्त्यावर दिवसाचं अंतर ठरवताना सपाटीची सरासरी धरू नका. साठ-पासष्ट किलोमीटर हा इथे भरलेला दिवस होतो.

केळशीच्या पुढे ऊन चढलं. डिसेंबर असला तरी दुपारी कोकणात हवा ओली आणि जड असते. शरीर हे फार उधळं इंजिन आहे. खाल्लेल्या अन्नातली जेमतेम चोवीस टक्के ऊर्जा पायडलवर पोचते, बाकी सगळी उष्णता. मी ११० वॉटने चढत असेन तेव्हा अंगात साडेतीनशे वॉटचा हीटर चालू असतो. सपाटीवर २० च्या वेगाने वारा लागतो आणि घाम वाळतो. चढावर ताशी ५ ला वारा नाही, घाम नाकावरून टपटप हँडलवर पडतो. टपकून गेलेला घाम काही थंडावा देत नाही, वाळलेलाच देतो. म्हणून चढ सकाळी उरकायचे आणि दुपारी बारा ते तीन झाडाखाली काढायचे. याला पर्याय नाही.

आम्ही ते तीन तास उटंबरच्या चढाखाली एका घराच्या पडवीत काढले. फक्त पाणी मागितलं होतं. आजींनी पाणी दिलं, मग गूळ दिला, मग आतून मीठ घातलेलं कोकम सरबत आलं, मग पेज. बाजारातल्या रंगीत पावडरींमध्ये जे असतं, म्हणजे पाणी, मीठ आणि साखर, ते सगळं त्या पडवीत आलं होतं. आजींना पैसे देऊ केले तर रागावल्या. "जाताना गेट लावून घ्या, ढोरं येतात." एवढंच मागितलं.

त्या दिवशी एकूण चढाई अकराशे मीटर भरली. समुद्र जवळजवळ दिवसभर नजरेसमोर होता आणि तरी अकराशे मीटर. माझ्या ८२ किलोंना तेवढं वर न्यायला सुमारे ८८० किलोज्यूल काम झालं. चोवीस टक्क्यांचा हिशेब लावला की त्यासाठी खर्च झालेल्या कॅलरीही जवळजवळ तितक्याच, ८८० किलोकॅलरी. ज्यूलवरून कॅलरीचा भागाकार आणि शरीराची कार्यक्षमता एकमेकांना खाऊन टाकतात, त्यामुळे सायकलवर जितके किलोज्यूल काम तितक्या कॅलरी जेवा, असा सोपा ठोकताळा निघतो. यात सपाट रस्त्याचा खर्च वेगळा. आंजर्ल्याला रात्री मी चार भाकऱ्या खाल्ल्या आणि कोणालाही हिशेब दिला नाही.

चौथा दिवस : आंजर्ले ते गुहागर

सकाळी पिशव्या खोलीवर ठेवून कड्यावरच्या गणपतीला गेलो. बिनसामानाची सायकल हातात आली तेव्हा कळलं की बारा किलो म्हणजे काय. ८२ चे ७० झाले, म्हणजे सातवा भाग कमी, आणि चढावर लागणारी शक्तीही जवळपास तितकीच कमी. कालच्या चढांवर ज्या तीव्रतेला मी सायकलवरून उतरत होते, तिथे आज बसून गेले. सायकलचं एक किलो वजन कमी करायला लोक किती पैसे मोजतात ते भाचा सांगत होता. माझ्या हिशेबाने एक किलो म्हणजे तासाभराच्या चढात पाऊण मिनिट. तेवढ्यासाठी मी दुसरी जीन्स घरी ठेवेन.

हर्णैला मासळीचा लिलाव चालू होता, मागे सुवर्णदुर्ग. पाच मिनिटं म्हणून थांबलो ते अर्धा तास गेला. पुढे कर्दे, लाडघर, बुरोंडी असा दाभोळकडे जाणारा रस्ता. इथले चढ लहान पण धारदार आहेत.

बुरोंडीच्या अलीकडे एक पाववाले भेटले. काळी, बिनगिअरची सायकल, मागे पत्र्याची भलीमोठी पेटी, पुढे पिशव्या. वय साठीच्या पुढे. आम्ही हाशहुश करत असताना ते चढावर नागमोडी जात होते, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मागून गाडीचा आवाज आला की डावीकडे येऊन उतरायचे, गाडी गेली की पुन्हा सुरू. मी वर्गात वेक्टरचे घटक शिकवताना जे सांगते ते हे गृहस्थ रोज पहाटेपासून करत आहेत. १२ टक्क्यांच्या रस्त्यावर ४५ अंशांत तिरकं गेलं की चाकाखालचा चढ साडेआठ टक्के होतो. अंतर ४० टक्क्यांनी वाढतं, चढायची उंची तेवढीच राहते, पण ताशी ५ ला लागणारी शक्ती माझ्या बाबतीत १४० वरून १०४ वॉटवर येते. म्हणजे माझ्या ११५ च्या आत! मी करून पाहिलं आणि खरंच वर गेले. रस्ता मोकळा असेल आणि पुढचं-मागचं लांबवर दिसत असेल तरच करा, आंधळ्या वळणावर अजिबात नको.

पाववाल्यांना विचारलं, किती वर्षं झाली? "मोजली नायत." गिअरची सायकल का घेत नाही? त्यांनी माझ्या मागच्या चक्रांच्या उतरंडीकडे पाहिलं. "यातलं एक बिघडलं तर पाव कोण पोचवणार?" भाच्याने त्यांच्याकडून सहा पाव घेतले आणि दाभोळपर्यंत कोरडेच खाल्ले.

वळणांबद्दल एक बारकावा. घाटाच्या हेअरपिनसारख्या वळणावर आतली कड आणि बाहेरची कड सारखीच उंची चढतात, पण आतली कड आखूड असते. म्हणून आतून चढ जास्त तीव्र. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे डावीकडे वळणारं वळण नेहमी आतून म्हणजे अवघड बाजूने घ्यावं लागतं, आणि उजवीकडचं बाहेरून, सोपं. डाव्या वळणाच्या आधीच गिअर हलका करून ठेवा. चढात जोर लावलेला असताना गिअर बदलला तर साखळी कुरकुरते, कधी उतरते. अशा जागी उभं राहून पायडल मारायचा मोहही होतो. मागच्या चाकावरचा भार कमी झाला की ते जांभ्याच्या बारीक खडीवर जागच्या जागी फिरतं. नवऱ्याचं फिरलं. पडला नाही, पण बराच वेळ गप्प होता.

दाभोळ-धोपावे फेरीत पाय पाण्याकडे सोडून बसलो. वाशिष्ठीची खाडी संथ होती. धोपाव्याचा चढ आता सवयीने गेला. गुहागरला सुरूच्या बनातून समुद्र, नंतर व्याडेश्वर, नंतर घावन आणि नारळाची चटणी.

जाणाऱ्यांसाठी, फेऱ्या आणि ब्रेक. फेरीबोटींच्या वेळा आदल्या संध्याकाळी स्थानिकांना विचारून घ्या. सायकलचं भाडं किरकोळ आहे, सुटे पैसे ठेवा. बोटीतून सगळ्यात शेवटी उतरा, म्हणजे गाड्यांचा लोंढा चढावर तुमच्या मागे येत नाही. उतारांबद्दल : दीडशे मीटर खाली येताना माझ्या ८२ किलोंची सुमारे १२० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. सावकाश याल तर त्यातली बहुतेक ब्रेकमध्ये जाते, आणि तेवढ्यात साडेतीनशे मिली पाणी उकळीला येतं. ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवू नका. सरळ रस्त्यावर सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग उतरवा, पुन्हा सोडा. सोडलेल्या वेळात त्यांना वारा लागतो. जड माणूस उतारावर जास्त वेगाने जातो, कारण खेचणारं बल वजनाबरोबर वाढतं आणि हवेचा अडथळा त्या मानाने वाढत नाही. नवरा प्रत्येक उतारावर माझ्या पुढे निघून जायचा आणि त्याचं श्रेय स्वतःच्या कौशल्याला द्यायचा.

पाचवा दिवस : गुहागर ते मालगुंड

पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. हेदवीचा दशभुज गणेश पाहिला. बामणघळीत भरतीचं पाणी उसळताना पाहायचं तर वेळ साधावी लागते. आम्ही ओहोटीला पोचलो आणि खडक पाहून आलो. वेळणेश्वरला उतरतानाच कळत होतं की हेच वर यायचं आहे.

या दिवशी भाच्याचे गुडघे बोलू लागले. मग सामानाची वाटणी बदलली. त्याच्या पिशव्या नवऱ्याच्या गाडीवर, आणि तवसाळपर्यंतचे तीव्र चढ तो मुकाट्याने चालला. शाळा सुटलेली पोरं सायकली ढकलत त्याच्याबरोबर चालत होती. त्यांच्यात त्याची चांगली गट्टी जमली. वर पोचल्यावर पोरं सायकलींवर बसली आणि हाताने टाटा करत उतारावर दिसेनाशी झाली. त्यातल्या एकाच्या सायकलला ब्रेक दिसत नव्हता, तो चप्पल घासत चालला होता. यावर मी शिक्षिका म्हणून काही बोलायच्या आत तो गेला.

तवसाळ-जयगड ही शेवटची फेरी. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहिलं. मुक्कामाच्या घरी रात्री फणसाची सुकी भाजी होती, फणसाच्या हंगामाबाहेर. मीठ लावून ठेवलेले गरे, असं कळलं. आजवर खाल्लेल्या भाज्यांत ही वरच्या नंबरात.

सहावा दिवस : मालगुंड ते रत्नागिरी

गणपतीपुळ्याला पहाटे गर्दी नसते. पुढे आरे-वारेचा रस्ता. ज्या चढावरून दोन्ही बाजूंचे किनारे दिसतात तिथे गाड्या थांबवून लोक फोटो काढत होते. आम्हाला हाशहुश करत येताना पाहून एका मुंबईकर कुटुंबाने टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्या आजोबांनी विचारलं, "दमला असाल ना?" भाचा म्हणाला, "नाही हो." मग दोन मिनिटं तो पुढे काहीच बोलू शकला नाही. पूर्ण वाक्याचं माप त्यालाही लागू आहे.

रत्नागिरीत पोचलो म्हणजे सुटलो असं समजू नका. रेल्वे स्टेशन गावात नाही, कुवारबावकडे उंचावर आहे, आणि तिथे पोचायला शेवटचा एक चढ उरतोच. गाडीच्या बऱ्याच आधी पोचा, कारण सायकल पार्सलमध्ये बुक करायला वेळ लागतो. पिशव्या काढायच्या, बाटल्या काढायच्या, वजन करायचं.

काट्यावर सायकली चढवल्या. मग भाच्याने गंमत म्हणून पिशव्याही चढवल्या. माझ्या पिशव्या निघताना होत्या त्यापेक्षा दोन किलोंनी जड निघाल्या. कोकम आगळाची बाटली, फणसपोळी, आंबापोळी, कुळथाचं पीठ. त्याने मोबाइल काढला, ८२ च्या जागी ८४ घातले आणि जाहीर केलं की आरे-वारेच्या वीस मिनिटांच्या चढाला मावशीला अर्धं मिनिट जास्त लागलं. मग गाडी संगमेश्वरला पोचायच्या आत त्यातली फणसपोळी त्यानेच संपवली.